तिसऱ्या मजल्यावरचा टेकू

वरवंट्याला पायाचा अंगठा लागला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, आणि माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढूनही मी कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता. दुसऱ्या मजल्याचं नवं दार, लोखंडी, राखाडी, आपलं आपण बंद होणारं, छातीवर लाल अक्षरांत ‘हे दार सदैव बंद ठेवावे’ असं लिहिलेलं, सताड उघडं होतं. त्याच्या पायाशी तो काळा गुळगुळीत वरवंटा असा निवांत आडवा झाला होता, की जणू मंजूर नकाशातच दाखवलेला आहे. अंगठ्यातली कळ गुडघ्यापर्यंत आली, तिथं जराशी थांबली, कारण माझ्या गुडघ्याशी आल्यावर सगळ्यांनाच थांबावं लागतं, आणि मग मस्तकात गेली. मी पायरीवर बसलो. सहा इंच उंच, बारा इंच रुंद. ही पायरी मी काढलेली आहे. म्हणजे कागदावर. गवंड्यांनी नंतर फक्त ती खरी केली.

आवाज ऐकून लालीबाई बाहेर आल्या. हिरासिंग राठोड, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांच्या या मंडळी. ‘काय झालं भाऊ? पडले का?’

‘हा वरवंटा कोनाचा हाय?’

‘माहाच हाय न. पाटा गावी राह्यला, हा येकटा इथं आला. मिक्सर आल्यापासून बिचारा बसूनच होता. आता भेटलं त्याले काम.’

‘बाई, दार बंद ठेवाचं असते. त्याच्यावर लिहिलं हाय.’

‘बंदच असते न. झोपताना लावतो आमी. दिवसा कायले आग लागते?’

‘मागच्या बारीले दिवसाच लागली होती.’

लालीबाईंनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. ‘लागली न एकदा,’ त्या म्हणाल्या. ‘आता कायले लागते पुन्हा?’

मी वरवंटा उचलून त्यांच्या हातात दिला. दारानं एक लांब सुस्कारा सोडला, हळूहळू आलं, आणि ‘खट्’ करून लागलं. पलीकडून, लोखंडातून गाळून, लालीबाईंचा आवाज आला: ‘अबब! गेला जीव.’ मी उठून खाली निघालो. पहिल्या मजल्याचं दार आग विझवायच्या लाल नळकांड्यानं अडवलेलं होतं. ते नळकांडं भिंतीवरच्या खुंटीवरून मुद्दाम काढून आणलेलं. पूर्वी मला अशा गोष्टींचं हसू यायचं. आता हसू निघायच्या आधीच आत कुठंतरी एक दार लागतं.

आमच्या इमारतीचं नाव वनराई टॉवर. पार्किंगवर चार मजले, मजल्याला दोन बिऱ्हाडं, आणि चार मजल्यांना टॉवर म्हणायला यवतमाळात कुणाची हरकत नसते. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मी खात्यात आरेखक होतो. दिवसा सरकारी पुलांचे नकाशे आणि संध्याकाळी खासगी घरांचे, असा आमचा संसार. देवीलाल नावाच्या बिल्डरनं हे काम आणलं. त्याला जिना हवा होता कोपऱ्यात, अंधारात, माणसाला एका अंगानं चढता येईल एवढा. मी मधोमध काढला. रुंद, चारी मजल्यांना मिळून एक मोठी मोकळी विहीर असलेला, वर काचेचं छप्पर, की दुपारचं ऊन थेट तळापर्यंत उतरावं आणि वारा तळापासून थेट वरपर्यंत चढावा. देवीलाल म्हणाला, ‘साहेब, येवढ्या जागेत माहा येक फ्लॅट निघते.’ मी म्हणालो, मग दुसऱ्याकडून काढून घ्या. आयुष्यात मी कुणाशी एवढं एकदाच ताठ बोललो आहे. का बोललो ते देवीलालला कळलं नाही, आणि कळावं असं मलाही वाटलं नाही. पण मग त्याच इमारतीत, त्याच जिन्याच्या टोकाला, चारशेदोन नंबरात मी राहायला आलो. माझी बायको इंदू तेव्हा म्हणाली होती, ‘लोक घर घेतात, तुमी जिना घेतला.’ ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. मुलांची चूक दाखवतानाचा तिचा तो सूर घरी आल्यावरही उतरत नसे.

खरं तर मी सात-आठ वर्षांचा होईपर्यंत जिना पाहिलाच नव्हता. मारेगावजवळच्या आमच्या वस्तीत घरं बुटकी. वर जायचं म्हणजे शाकारायला, आणि त्याला शिडी पुरे. बाप मारेगावात एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे हमाली करायचा. सरकीची पोती माडीवर न्यायची असत, आणि ती बाहेरून, भिंतीला लावलेल्या बांबूच्या शिडीनं. आत जिना होता, तो घरच्यांसाठी. एक दिवस मी बापाची भाकर घेऊन गेलो तेव्हा ते आतलं दार उघडं होतं. लाकडी पायऱ्या होत्या. त्या वर वर जात होत्या आणि वरून कुठूनतरी पिवळा उजेड त्यांच्यावर येत होता. प्रत्येक पायरीच्या कडेला त्याची एकेक रेघ. मला वाटलं, वर जायला असं काही असतं! आणि दार लागलं. कुणी रागानं लावलं असतं तर मी ते विसरलो असतो. राग सगळ्यांनाच येतो. पण ते नुसतंच लागलं. आतल्या कुणीतरी, आपलं रोजचं दार लावावं तसं लावलं. मग बाप पोतं पाठीवर घेऊन बाहेरच्या शिडीनं चढत राहिला आणि मी खाली उभा राहून त्याच्या टाचा मोजत राहिलो. पुढं नागपूरला आरेखनाच्या वर्गात पहिल्यांदा टी-स्क्वेअर हातात आला तेव्हा मी कुणी न सांगता पहिली आकृती काढली ती जिन्याची. दार न काढलेल्या जिन्याची.

त्यामुळे अग्निशमन कार्यालयाची पहिली नोटीस आली, की आपल्या इमारतीचा जिना उघडा आहे, तो प्रत्येक मजल्यावर भिंत आणि आपोआप बंद होणारं दार बसवून बंदिस्त करावा, तेव्हा सोसायटीचा सचिव या नात्यानं उत्तर मीच लिहिलं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर जिना प्रशस्त, हवेशीर व नैसर्गिक प्रकाशाने युक्त असून त्यास दारे बसविल्यास रहिवाशांच्या आरोग्यावर विपरीत परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ सरकारी मराठीत ‘शक्यता नाकारता येत नाही’ लिहिलं की अर्धं काम होतं. दुसऱ्या वर्षी दुसरी नोटीस, दुसरं उत्तर. तिसऱ्या वर्षी अग्निशमनच्या वैष्णवी मॅडम स्वतः आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, हातात कागद लावायची पाटी, पायात भारी बूट. त्यांनी तळाशी उभं राहून मान वर केली आणि बराच वेळ काचेच्या छपराकडे पाहिलं. मला वाटलं, आवडला. कुणालाही आवडतो. त्या म्हणाल्या, ‘काका, तुमच्या लहानपणी घरात चूल होती न? अन् तिच्यावर धुराडं?’

‘धुराडं नव्हतं. धूर घरातच राहे.’

‘मंग आता हाय,’ त्या म्हणाल्या. ‘हे काय हाय? धुराडंच हाय. फक्त तुमी त्याच्यात पायऱ्या काढल्या.’

मी तिसरं उत्तर जास्त सविनय लिहिलं.

आणि मग मार्च संपता संपता तो दिवस. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरला घरातल्या वडीलधाऱ्यापेक्षा जास्त मान असतो. होळी झाली की त्याला बाहेर काढायचं, धुवायचं, रंग द्यायचा, आणि त्याच्या जाळ्यांत नवी घास, म्हणजे लाकडाचा कीस, भरायची. जुनी घास मात्र टाकायची नाही. तिच्यात अजून जीव आहे असं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. मग ती जुनी घास, लाकडाच्या चौकटींसकट, जिन्याखाली जाते, जिथं विजेची मीटरं आहेत. आठ बिऱ्हाडांची, कित्येक वर्षांची, वाळून कुरकुरीत झालेली घास. त्या दिवशी दुपारी मीटरमधून एक ठिणगी पडली. एकच, घासेला जास्त लागत नाही.

मी जेवत होतो. इंदू म्हणाली, ‘काय जळून राह्यलं हो?’ मी म्हणालो, भाकर. ती म्हणाली, ‘माही भाकर जळत नाही.’ हे खरं होतं म्हणून मी दार उघडलं. जिन्याच्या विहिरीत धुराचा एक खांब उभा होता. करडा, जाड, तळापासून छपरापर्यंत, आणि अगदी ओळंब्यात. मी जन्मात इतकी सरळ रेघ ओढलेली नाही. तो इकडंतिकडं कुठं जातच नव्हता. माझ्या विहिरीतून, माझ्या उजेडाच्या वाटेनं, सरळ वर येत होता, काचेला लागून पसरत होता आणि मग सावकाश आमच्याकडे खाली उतरत होता. गच्चीचं दार नशिबानं उघडं होतं, वर कुरडया वाळत होत्या म्हणून. चौथा मजला कुरडयांनी वाचवला. तिसऱ्यावरचं एक बिऱ्हाड उन्हाळ्यापुरतं गावी गेलेलं, आणि दुसऱ्यात सुग्राबी एकटी होती. तिचा मुलगा कय्युम बॅटऱ्यांच्या दुकानात, नात आरजू कॉलेजात. सुग्राबी पंचाहत्तरीची, दम्याची, गुडघ्यांनी पलंगाला बांधलेली. आणि तिच्या घराचं दार, नेहमीसारखं, उघडं. धूर त्या दारातून पाहुण्यासारखा आत गेला.

मी तिच्यासाठी उतरलो. दोन पायऱ्या उतरलो. मोजायची सवय आहे म्हणून माहीत, दोन. मग डोळ्यांपुढं करडं झालं, छातीत कुणीतरी मूठ आवळली, आणि मी परत वर गेलो. कुरडयांमध्ये जाऊन उभा राहिलो. सुग्राबीला खाली आणलं ते हिरासिंगनं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, दुसऱ्या मजल्यावरून ओला टॉवेल तोंडाला बांधून वर गेला आणि तिला पोत्यासारखी पाठीवर टाकून खाली घेऊन आला. म्हणजे ज्यानं तिला त्या धुरातून काढलं त्याच्याच घरचा वरवंटा आज दाराला आहे. हे मी कुणाकडे बोलू? सात दिवस सुग्राबी दवाखान्यात होती. सोडताना डॉक्टर कय्युमला म्हणाले, ‘पुढच्या वेळी एवढा धूर गेला तर त्यांना इकडं आणायची घाई करू नका.’ असं ते सरळ आवाजात म्हणाले, आणि मी शेजारी उभा होतो.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. आग विझवून झाल्यावर जिन्याखाली काळा चिखल उरला होता. सगळ्यांचीच घास त्यात होती. कुणाची ते ओळखू येण्यासारखं काही नव्हतं. एक चौकट सोडून. तिची एक पट्टी जळायची राहिली होती आणि तिच्यावर ऑइलपेंटनं, एका मापात, एका कलात, स्टेन्सिल न वापरता लिहिलेलं होतं: ४०२. मी ती पट्टी धोतरजोड्याच्या पिशवीत घालून वर आणली आणि कपाटामागं ठेवली. अजून तिथंच आहे. इंदू कपाट झाडते तेव्हा मी वर्तमानपत्र वाचतो.

महिन्यात दारं बसली. या वेळी मी उत्तर लिहिलं नाही. अर्ज लिहिला, आणि घरोघर जाऊन सह्या घेतल्या. हिरासिंगनं पहिल्या दारापुढं नारळ फोडला, लिंबू-मिरची टांगली. त्या लिंबू-मिरचीचा दोरा दार ओढून घेणाऱ्या यंत्रात अडकला आणि दार पहिल्याच दिवशी अर्धं उघडं राहिलं. सगळ्यांना तो शुभशकुन वाटला, कारण वारा आला. मग मे लागला. पारा पंचेचाळीसला. आमच्या घरांतले कूलर बावीस वर्षं जिन्यातली हवा ओढत आले होते. दारं लागल्यावर ते आपलीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवू लागले, माणसं घरात शिजू लागली, आणि एकेक वस्तू दाराशी येऊ लागली. वीट. दगड. नळकांडं. एकदा तर भरलेला गॅस सिलिंडर. मी सिलिंडरवरून बोललो तर त्या घरची सून म्हणाली, ‘काका, रिकामा टिकत नाही न, सरकते.’ मी रोज दुपारी अडीचला हातात काठी घेऊन वरून खाली फिरतो. इंदू म्हणते, ‘आधी दार लावू नका म्हनून फिरले, आता लावा म्हनून फिरता. लोकाइनं कोन्ता मानवटकर खरा समजाचा?’ आणि हे लोक अडाणी नाहीत हो. धूर त्यांनी पाहिला आहे. पण मोकळ्या जिन्याची चटक त्यांना कुणी लावली? बावीस वर्षं दर उन्हाळ्यात येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ‘पाहा, कसा वारा येतो’ असं कोण म्हणत होतं?

पहिल्या मजल्याचं नळकांडं खुंटीला लावून मी परत वर निघालो. आज तिसरा मजला मी मुद्दाम वगळून खाली आलो होतो. आता तो टाळता येण्यासारखा नव्हता. तिसऱ्याचं दार उघडं असतं ते सुग्राबीमुळं, हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिला. टेकू म्हणून तिचा सुपारी कुटायचा पितळी खलबत्ता. रोज सकाळी कॉलेजला जाताना आरजू तो लावून जाते, रोज दुपारी मी काढतो. ज्या एका माणसासाठी ही चारही दारं बसली तेच माणूस ती उघडी ठेवतं. एवढं मराठीत लिहून द्यायचं म्हटलं तरी ‘शक्यता नाकारता येत नाही’च्या पुढं लेखणी जाणार नाही.

मी वाकलो तेव्हा आतून आवाज आला. ‘भाऊ, आज लंगडून राह्यले. अंगठा काय?’

‘तुमाले कसं कळलं?’

‘पायाचा आवाज. डावा पाय जपून टाकून राह्यले.’ ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. पलंग असा लावलेला, की घराच्या दारातून, मग या लोखंडी दारातून, जिना सरळ दिसावा. ‘राहू द्या न भाऊ ते. मले कोनी दिसत नाही मंग.’

‘सुग्राबी, डॉक्टर काय म्हनले ते आठवते का?’

‘आठवते. मरसान म्हनले.’ तिनं हे भाजी महाग झाली म्हणावं तसं म्हटलं. ‘अन् दार लावल्यावर मी काय करतो ते नाही इचारलं त्याइनं.’

सुग्राबी आधी उमरखेडला, मग इथं, जन्मभर बांगड्या भरत फिरली. डोक्यावर टोपली, गल्लोगल्ली, माडीमाडीवर. माणसं तिला मनगटांवरून आठवतात. दोन इंची, सव्वादोनची, एक ती पाटलीण जिच्या हातात बांगडी जायला साबण आणि तीन बायका लागल्या. ‘सारी जिंदगी मी लोकाइचे जिने चढली भाऊ,’ ती म्हणाली. ‘आता माहे गुडघे गेले तं जिनाच माह्या घरी येत होता. सकाळी दूधवाला, मंग तुमची इंदूबाई, मंग पोरं. सगळे सलाम करून जात. तुमीच काढला न हा जिना? मंग तुमीच काहून त्याच्यावर परदा टाकता?’

मी खलबत्ता उचलला. दार सुस्कारा टाकत आलं, आणि ते येत असताना मला फटीतून तिचा चेहरा दिसत होता, मग अर्धा चेहरा, मग डोळा, मग खट्. रागानं नाही. नुसतंच लागलं. मी खलबत्ता हातात धरून दाराच्या या बाजूला उभा राहिलो, आणि माझ्या नाकात कुठूनतरी सरकीचा वास आला. पन्नासाहून जास्त वर्षांचा जुना वास. या वयात असले वास परवडत नाहीत.

त्या शुक्रवारी वैष्णवी मॅडम फेरतपासणीला येणार होत्या. दारं अडवलेली सापडली तर इमारतीची वीज-पाणी तोडू, असं लेखी होतं. त्या धाकानं पाच दिवस चारही दारं बंद राहिली. वनराई टॉवरच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. मी सुखी व्हायला हवा होतो. बुधवारी आरजू वर आली. दारातच उभी राहिली. ‘बाबाजी, दादी जेवून नाही राह्यली. बोलत बी नाही. भिंतीकडे तोंड करून पडते. मी इचारलं काय झालं, तं म्हने, कोन आलं कोन गेलं कळत नाही बेटा, मी आधीच कबरीत आहो काय?’ मग जाता जाता, ‘धूर आला तं ती मरन. अन् नाही आला तं अशी मरन. तुमी नकाशे काढता न. याचा काढा काही.’

मी टेबल मांडलं. खरंच मांडलं. पेन्सिल टोकदार केली. दाराला काचेची खिडकी काढली. मग आठवलं, दाराला भोक पाडलं तर त्याचं प्रमाणपत्र जातं. पलंग हलवून पाहिला, भिंत हलवून पाहिली. सुग्राबीला तळमजल्यावर नेऊन पाहिलं, तळमजल्यावर पार्किंग. तेवढा सगळा वेळ इंदू माझ्यामागं उभी राहून पाहत होती. ‘येवढ्या साऱ्या रेघा,’ ती म्हणाली, ‘आन् बाई एकच.’ अडीच वाजले. फेरीची वेळ. मी काठी घ्यायला गेलो आणि काठीशेजारी ठेवलेली घडीची खुर्ची घेतली.

तिसऱ्या मजल्यावर येऊन दार उघडलं, ते पाठीनं रेटून धरलं, उंबऱ्यात खुर्ची मांडली आणि बसलो. दारानं मला ढकलून पाहिलं. मी बसून राहिलो. थोड्या वेळानं दारानं आणि मी एकमेकांचा अंदाज घेतला. पलंगावर सुग्राबी वळली.

‘भाऊ? इथं काय करून राह्यले?’

‘टेकू लावून राह्यलो.’

‘कायचा?’

‘माहाच.’

खालून लालीबाई वर गेल्या, गच्चीवरचं वाळवण काढायला. दोघींचा सलाम झाला, लालीबाई माझे गुडघे ओलांडून गेल्या. सुग्राबी म्हणाली, ‘हिच्या हातात सव्वादोनची येते. आता अडीचची लागन, जाड झाली.’ पाच दिवसांत मनगटाबद्दलचं ते पहिलंच वाक्य असावं. मग ती मला म्हणाली, ‘रोज बसान?’

‘रोज. अडीच ते सहा. कय्युम येईपर्यंत.’

‘काहून भाऊ? मी कोन तुमची?’

तेव्हा मी सांगितलं. दोन पायऱ्यांचं सांगितलं, आणि जिन्याखालच्या घासेचं, आणि त्या पट्टीचं. भिंतीकडे बघून सांगितलं, कारण माझी मान दारामुळे तिकडेच वळत होती. ती ऐकत होती आणि श्वासाची तिची शिट्टी मधूनमधून वाजत होती.

‘मले मालूम हाय,’ ती म्हणाली. ‘तुमी पिशवीत टाकून राह्यले तवा आरजूनं पाह्यलं. मले दवाखान्यात येऊन सांगतलं.’ मग जरा थांबून, ‘नंबर चांगला काढता तुमी. येवढी आग लागली, जळला नाही.’

शुक्रवारी पावणेतीनला जिन्यात भारी बूट वाजले. पहिल्यावर थांबले, दुसऱ्यावर थांबले. दोन्हीकडे दारं बंद, लालीबाईंचा वरवंटा म्हणे त्या दिवशी डाळीच्या डब्यामागं लपवलेला. मग वैष्णवी मॅडम वळणावर आल्या आणि त्यांना उंबऱ्यात मी दिसलो, आणि माझ्या पाठीमागं सताड उघडं दार.

‘काका, हे काय?’

‘बसलो.’

‘दार अडवून?’

‘दाराले कोनतीही वस्तू लावू नये असं तुमच्या कागदात हाय. वीट नको, दगड नको, कुंडी नको. मी चारदा वाचला. म्हातारा नको असं कुठं लिहिलेलं नाही.’

त्या हसल्या नाहीत. पाटी छातीशी धरून माझ्याकडे, मग माझ्यावरून आत, पलंगाकडे पाहत राहिल्या. ती कोण हे त्यांना माहीत होतं. आगीच्या दिवशी त्याच आल्या होत्या. ‘धूर आला तर?’ त्यांनी विचारलं.

‘तं मी उठतो. वीट उठत नाही. मी आतल्या बाजूले उठतो, दार लागते, मंग आमी दोघं आत. तिच्या घराचंबी दार लावतो, खिडकी उघडतो, फटीले ओला टॉवेल. हे ठरलं हाय.’

‘उठा पाहू.’

मी उठलो. गुडघ्यानं वेळ घेतला. तो मॅडमनी बहुधा मोजला. खुर्ची एका हातानं आत ओढली. दारानं सुस्कारा सोडला, हळूहळू आलं आणि लागलं. खट्. त्या बाहेर, आम्ही आत. तेवढ्या वेळात मी पहिल्यांदाच त्या दाराच्या आतल्या बाजूला, ते लागलेलं असताना, उभा होतो आणि मला काही झालं नाही. त्यांनी बाहेरून दार ढकलून उघडलं.

‘ठीक,’ त्या म्हणाल्या. पेन काढलं. मग काढलेलं पेन तसंच राहिलं. ‘पण काका, दुपारचा टाइम. पंचेचाळीस डिग्री. तुमचं वय. बसल्या बसल्या झोप लागली तर?’

मी सगळ्या रेघा काढल्या होत्या, ही काढली नव्हती. झोपलेला म्हातारा म्हणजे वीटच. उलट विटेपेक्षा वाईट, कारण विटेवर कुणी भरवसा टाकत नाही. आणि मला झोप लागते. इंदूला विचारा. जेवण झाल्यावर मला उभ्यानंसुद्धा लागते. मी खाली पायरीकडे पाहिलं. सहा इंच. बारा इंच.

‘ओ म्याडम!’ आतून सुग्राबी ओरडली, आणि त्या ओरडण्यासाठी तिला दोन श्वास घ्यावे लागले. ‘मी झोपू देतो काय त्याइले? परवापासून बसून राह्यले ते. इचारा, येक तरी डुलकी घेऊ देली का?’

वैष्णवी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. घेऊ दिली नव्हती. खरोखर, एकही नाही.

त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. मला वरून उलटं वाचता येतं, बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या टेबलांवरचे कागद उलटेच वाचलेत. ‘तिसरा मजला: दार आपोआप बंद होते, तपासले.’ एवढंच. त्यात खोटं काहीच नव्हतं. ‘मी पुन्हा येईन,’ त्या म्हणाल्या. ‘न सांगता येईन. अन् त्या वेळी डोळे मिटलेले दिसले, तर खुर्चीसकट जप्त करीन.’ आणि बूट वाजवत वर गेल्या.

मी पुन्हा बसलो. दार पाठीला टेकलं. त्याचा जोर कधी थांबत नाही. बंद व्हायचं त्याच्या मनात सतत असतं, आणि ते आता माझ्या पाठीला दुपारभर कळतं. विहिरीत वरून ऊन पडलं होतं, तळापर्यंत. खालून वारा आला, गरम, तरी वारा. कुणाचातरी कूलर एका सुरात घरघरत होता आणि ती घरघर माझ्या पापण्यांवर चढू लागली, एकेक पायरी.

‘भाऊ,’ आतून सुग्राबी म्हणाली. ‘उमरखेडची ते पाटलीन होती न, साबन लावून बांगडी चढवली ते. तिची गोष्ट सांगतली का मी तुमाले?’

सांगितली होती. तीन दिवसांत चार वेळा.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘सांगा.’